सावंतकाकांचा डबा

आमच्या आळीत चौकोनी, दणकट गाड्या दोन. गुरवसरांना आपली गाडी हत्ती वाटते, सावंतकाका स्वतःच्या गाडीबद्दल म्हणतात, "नुसता डबा आहे. खड्ड्यात गेला की कंबर ढिली."

काल ओढ्याला पाणी चढलं आणि पलीकडच्या वाडीतली एक बाई बाळंतपणाला अडली. सर काठावर पाणी बघत राहिले. काकांनी डबा पाण्यात घातला. पाणी दारांना लागलं, तरी तो डुलत पलीकडे गेला आणि तिला घेऊन परत आला. माझे हात आपोआप जोडले गेले. पाण्याला, गाडीला की काकांना, कळेना.

संध्याकाळी काका दारात उतरले. "मुलगी झाली," म्हणाले, "आणि माझ्या कंबरेचा भुगा. विकूनच टाकतो हा डबा."

बोलताना त्यांचा हात मात्र चिखलाने माखलेल्या बॉनेटवरून फिरत होता, दमून घरी आलेल्या बैलाच्या पाठीवरून फिरावा तसा.