कोपरा न फाडलेलं पत्र

आमच्याकडे मयताची बातमी कळवणाऱ्या पत्राचा एक कोपरा फाडलेला असतो. पोस्टमनच्या हातात तसं पत्र दिसलं की वाचायच्या आधीच रडारड सुरू होते, आणि वाचून झालं की ते घरात ठेवत नाहीत. अंथुर्ण्याला आमच्या घरी मलायातून जे पत्र आलं, त्याचे चारही कोपरे धड होते. म्हणून ते देव्हाऱ्यात गेलं.

माझा थोरला भाऊ लढाईत पलटणीबरोबर मलायात गेला होता. लढाई संपली, देश स्वतंत्र झाला. गेलेल्यांतले काही परत आले, काहींच्या घरी सरकारी कागद आले. आमच्या कागदावर नुसतं 'बेपत्ता' होतं. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी हे पत्र आलं. पाकिटावर वडिलांचा, म्हणजे तात्यांचा, पत्ता इंग्रजीत होता. पण तो लिहिलेला नव्हता, चितारलेला होता. इंग्रजी न येणाऱ्या कुणीतरी भावाच्या एखाद्या कागदावर बघून एकेक अक्षर काढलं होतं. आत एक पातळ कागद आणि त्यावर उभ्या ओळींनी चिनी मजकूर.

तात्या ते घेऊन पुण्याला लष्कराच्या कचेरीत गेले. तिथले म्हणाले, ठेवून जा, सवडीनं बघू. तात्या ठेवून येणाऱ्यातले नव्हते. मग मी म्हणालो, पुण्यात एक चिनी दाताचा डॉक्टर आहे, त्याच्याकडून दहा मिनिटांत वाचून आणतो. तेव्हा वहिनी चुलीपासून उठून बाहेर आली. एरवी ती तात्यांसमोर तोंड उघडत नसे.

"परक्याच्या तोंडनं न्हाय ऐकायचं मला," ती म्हणाली. "भावजी, तुमी मास्तर हाय न्हवं? तुमीच शिका आन् तुमीच वाचा."

मला रागच आला. चिनी म्हणजे काय तेराचा पाढा आहे? पण तात्या म्हणाले, "शिक की. एवढा शिकलास, त्यात आनी एक." झालं. त्या घरात माझं कुणी कधी ऐकलंय?

मी तेव्हा इंदापूरच्या शाळेत इंग्रजी शिकवत होतो. चीनशी आपलं भावाभावाचं नातं जुळल्याचे ते दिवस. चिनी शिकवणारी पत्रकं कलकत्त्याहून टपालानं मागवता येत. प्रत्येक पत्रकात पाच-सहा ओळींची एक बातमी आणि खाली अवघड शब्दांची इंग्रजी यादी. नदीवर पूल झाला. धान्य उदंड पिकलं. शिष्टमंडळ आलं, मंत्र्यांनी स्वागत केलं. त्या देशात वाईट काही घडतच नसावं. उच्चार रोमन लिपीत दिलेले असत. मी खोलीत मोठ्यानं म्हणायला लागलो की शेजारचे ड्रॉइंग मास्तर भिंतीवर थाप मारायचे. मी बरोबर म्हणतोय की चूक, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि मलाही.

शनिवारी शाळा सुटली की एसटीनं अंथुर्ण्याला यायचं. रविवारी दुपारी जेवणं झाली की वहिनी हात धुऊन पत्र काढायची, मी शेजारी पत्रकं मांडायचो, आणि ती बारामतीच्या बाजारासाठी वांगी निवडत समोर बसायची. दोन वर्षांत मला पूल आला, पोलाद आलं, मंत्री आला, शिष्टमंडळ आलं. पत्रात यातलं काहीही नव्हतं. लिहिणाऱ्याला पोलादाशी काय घेणं? त्याच्या पत्रात ताप असेल, जेवण असेल, रात्री कोण कुठं निजलं ते असेल, आणि घरातले हे शब्द बातमीत कशाला येतील? त्यातून छापील अक्षरं सुटी सुटी, तर ही हातानं घाईघाईत लिहिलेली, एकमेकांच्या अंगावर पडलेली. मी अक्षरशः रडकुंडीला येत असे.

लागलं ते एवढंच. पहिल्या ओळीत 'हिंदुस्थान'. दुसऱ्या ओळीत 'तीन' आणि 'माणूस'.

"तीन मानसं?" वहिनी वांगं हातात धरून म्हणाली. "म्हंजी पोरं. लगीन केलं असंल तितं, आन् तीन पोरं झाली असत्याल." ती हसली आणि पदरानं डोळे पुसले. "होऊ दे. घेऊन या म्हणावं समद्यास्नी."

त्याच ओळीत आणखी एक आकृती होती. वर आढ्यासारखी आडवी रेघ आणि तिच्याखाली दोघं टेकून बसल्यासारखी. तिला आम्ही 'छप्पर' म्हणायचो. ते घरच असणार अशी वहिनीची खात्री होती.

दर रविवारी ती विचारायची, "आज किती शब्द आलं?" पाच म्हणालो की म्हणायची, "सावकाश घ्या, भावजी. घाई न्हाय." मी इकडे डोळे फोडून घेतोय आणि ही म्हणते घाई नाही! मी चिडायचो. मी शिकत होतो तोवर तिच्या कपाळावर कुंकू होतं, एवढी साधी गोष्ट माझ्यासारख्या शहाण्याच्या ध्यानात यायला तीन वर्षं लागली.

एकदा पत्रकात महापुराची बातमी आली. शिक्षकांच्या खोलीत मधल्या सुट्टीत मी ती उघडली. खालच्या यादीत सातवा शब्द आढ्याच्या रेघेचा होता. रेघेखाली दोघं टेकून बसलेली. पुढं अर्थ दिला होता: मरणे.

पुढचा तास मी कसा घेतला ते मला आठवत नाही.

शनिवारी घरी जाऊ नये असं फार वाटलं, तरी गेलो. रविवारी वहिनीनं पत्र काढलं नाही. माझं तोंड तिनं आदल्या संध्याकाळीच बघितलं होतं. वांग्यांची पाटी तशीच समोर होती.

"किती शब्द आलं?"

"एक."

तात्या ओट्यावर ऐकत होते.

"कोपरा तर धड हाय की, भावजी," ती हळू आवाजात म्हणाली.

"त्यांच्यात तशी रीत नसंल, वहिनी."

मी तिला एवढंच सांगितलं. ती उठली, देव्हाऱ्यातून पत्र काढलं, त्याचा कोपरा नखानं नीट फाडला आणि कागद माझ्या हातात दिला. "आता घरात ठिवू नका," म्हणाली, आणि मग भिंतीला धरून खाली बसली. तिचं ते रडणं मी लिहू शकत नाही. शेजारच्या बाया आल्या, बांगड्या फुटल्या. तात्या माझ्या हातातलं पत्र घेऊन कालव्यावर गेले आणि रिकाम्या हातानं परत आले.

पुढचं पत्रक रिवाजाप्रमाणं आलं. तोच पूर, आता ओसरलेला. त्यातली एक ओळ मी सहज लावून वाचली: गावात इतकी माणसं मेली, बाकीची वाचली. आमच्या पत्राच्या त्या दुसऱ्या ओळीतही 'मरणे' होतं, 'तीन' होतं, 'माणूस' होता. माझा भाऊ मेला असं मी कुठंच वाचलं नव्हतं. तीन माणसं मेली आणि तुमचा मुलगा वाचला, असंही त्यात असेल. त्याच्या पुढच्या आठ ओळी मला कधी आल्याच नाहीत, आणि कागद तर कालव्यानं नेला होता.

पत्रकं मी बंद केली. हे मी तात्यांना सांगितलं नाही, वहिनीलाही नाही. रविवारी ती मला जेवायला वाढायची, तेव्हा मी तिच्या हातांकडे बघत नसे.