आमच्या लग्नात अग्नी नव्हता

काकूंनी माझ्या हातातली पळी काढून घेतली.

हिसकावली नाही. ओरडल्या नाहीत. नुसता हात पुढे केला, पळी घेतली आणि म्हणाल्या, "राहू दे गं. तू प्लेट्स दे. तिकडेच थांब." हसत म्हणाल्या. त्या हसण्याचा राग मला आजही येतो.

शिकागोजवळ, नेपरव्हिलमधल्या एका शाळेचं कॅफेटेरिया. मराठी मंडळाचा गणपती. काकू म्हणजे मंडळाच्या अध्यक्षांची बायको. जेवणाची रांग पार दारापर्यंत गेली होती. वरण वाढणाऱ्या बाई भात आणायला आत गेल्या होत्या आणि पातेल्यासमोर कुणीच नव्हतं. म्हणून मी पळी उचलली. एक वाटीसुद्धा वाढून झाली नव्हती.

त्याआधी सलग चार वर्षं याच गणपतीला मी मसालेभात करून नेत होते. तिघीजणींनी माझी रेसिपी लिहून घेतली होती. "तुझ्या हाताला चव आहे गं," हे काकूंचंच वाक्य. त्या वर्षी मात्र आठवडाभर आधी त्यांचा फोन आला. "यंदा तू कुकिंगचं नको बघू. पेपर प्लेट्स आण. नॅपकिन्स पण. आणि सीलबंद पॅक आण हं."

सीलबंद.

म्हणजे माझा हात आतल्या कशालाही लागलेला नसावा. फोन ठेवल्यावर कळलं. कळलं तरी मी दुकानात गेले आणि सीलबंद पॅक आणले. हे सांगताना माझीच मला लाज वाटते. पण आणले. कारण माझ्या नवऱ्याचा व्हिसा काकांच्या एका पत्रावर अडला होता.

मी शिकागोतल्या एका हॉस्पिटलात नर्स होते. नर्सांची टंचाई होती त्या काळात इकडे आले, रात्रपाळ्या केल्या, परीक्षा दिल्या, पुढे सिटिझन झाले. मग रजा काढून गावी गेले आणि लग्न केलं. नवरा अकोल्याकडे तालुक्याच्या शाळेत मास्तर. एकवीस दिवस आम्ही एकत्र राहिलो. माझी रजा संपली. परत आल्याबरोबर त्याच्यासाठी अर्ज भरला. एकवीस दिवसांच्या संसारावर दोन वर्षं पत्रं लिहिली आम्ही. निळी, घडीची, कडेला डिंक लावलेली पत्रं.

दोन वर्षांनी इमिग्रेशनच्या ऑफिसात मला बोलावलं. ऑफिसर गोरा, पन्नाशीचा, सर्दी झालेला. त्यानं आमच्या लग्नाचे फोटो एकेक करून टेबलावर मांडले आणि विचारलं, "व्हेअर इज द फायर?"

मला कळेना. त्यानं सांगितलं, इंडियन फायली मी पुष्कळ बघतो. सगळ्या फोटोंत आग असते. नवरा-नवरी आगीभोवती फिरतात. यात ती कुठेय?

नव्हतीच. मी पांढरी साडी नेसलेली, त्यानं पांढरा शर्ट घातलेला. समोर बुद्धाची मूर्ती. शेजारी कोटातल्या, चष्म्यातल्या त्या माणसाची तसबीर, ज्याचं नाव आमच्या घरात पोर बोलायला लागल्याबरोबर शिकतं. मेणबत्त्या, फुलं, भन्ते. लग्नाचा दाखला आमच्या विहाराचा होता. मराठीतला, जांभळ्या शिक्क्याचा. माझं इंग्रजी भाषांतर त्याला जोडलेलं. ऑफिसरनं तो दोन बोटांत धरला. म्हणाला, हा सरकारी कागद नाही. लग्न खरं आहे असं मला दिसत नाही. तुमच्या कम्युनिटीतल्या एखाद्या प्रतिष्ठित माणसाचं पत्र आणा, ज्याला तुमच्या चालीरीती माहीत आहेत. साठ दिवस देतो.

माझी कम्युनिटी. शिकागोत माझी कम्युनिटी कोण होती? माझ्या ओळखीत प्रतिष्ठित मराठी माणूस एकच. डॉक्टरकाका. हृदयाचे डॉक्टर, मंडळाचे अध्यक्ष, नेपरव्हिलला मोठं घर. मी ट्रेननं त्यांच्याकडे गेले. अल्बम घेऊन गेले, हाच मूर्खपणा.

मी काका-काकूंच्या मधे बसून पानं उलटत होते. तसबिरीच्या फोटोपाशी काकूंचं बोट थांबलं.

"तुमच्यात असं असतं का?"

"हो."

बस. एवढंच बोलणं झालं. काकू उठून आत गेल्या त्या बाहेर आल्या नाहीत. काका म्हणाले, "लेटरचं मी बघतो, डोन्ट वरी." निघताना मी आतल्या दिशेनं "काकू, येते" म्हटलं. नळाचं पाणी वाहत होतं, तेवढं ऐकू आलं.

खरं सांगायचं तर मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. माझं आडनाव असं की गावात कळतं, शिकागोत कळत नाही. कुठली विचारलं तर मी म्हणायचे, विदर्भातली. ती पळवाट होती, आणि चार वर्षं मी त्या पळवाटेनं मंडळात ये-जा केली. माझ्या बापानं घरातले देव काढून टाकले होते आणि त्याची लेक इथं आरतीला टाळ्या वाजवत होती. कशासाठी? मराठी ऐकायला. हॉस्पिटलात आठवडा आठवडा कानावर मराठी पडायचं नाही. कुणीतरी "अगं, जेवलीस का" म्हणावं, एवढ्यासाठी मी माणसं चुकीची निवडली.

तर पळी गेली आणि मी प्लेट्स देत उभी राहिले. शंभरेक माणसं माझ्या हातून कागदाची प्लेट घेऊन पुढे गेली. "थँक्यू हं," "कशी आहेस," "यंदा मसालेभात नाही?" मी हसत होते. गाल दुखेपर्यंत.

जेवणं आटोपल्यावर काकांनी मला कॉरिडॉरमध्ये बोलावलं. मुलांच्या लॉकरांपाशी उभं राहून पाकीट दिलं. त्यांच्या क्लिनिकच्या लेटरहेडवर, टाइप केलेलं पत्र. मी तिथंच वाचलं. लिहिलं होतं की या जोडप्याला मी जवळून ओळखतो, यांचं लग्न वैदिक पद्धतीनं, अग्नीच्या साक्षीनं, सप्तपदी करून झालं, आणि दोन्ही घराणी सुसंस्कृत हिंदू आहेत.

"काका, हे असं झालं नाही."

"अगं, फॉर्मॅलिटी आहे. त्या गोऱ्याला काय कळतंय? मी टेंपलमधल्या गुरुजींशी पण बोललोय. ते एक सर्टिफिकेट देतील, हवन करून दोन फोटो काढू. तू फक्त ते जुने फोटो आता कुणाला दाखवत बसू नको. मंडळात उगाच चर्चा नको. प्रॅक्टिकल हो जरा."

त्यांचा आवाज प्रेमळ होता. ते खरंच उपकार करत होते. मला हिंदू करून घेत होते, कागदावर. मी विचारलं, "कागदावर आम्ही चालतो, तर काकूंनी माझ्या हातातली पळी का काढून घेतली?"

काकांनी दाराकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "ते वेगळं. त्यात मी पडत नाही."

ते वेगळं!

मला आजा आठवला. आज्याच्या काळी मांडव घालायचा तर आधी पाटलाच्या दारात जाऊन उभं राहावं लागे. वाजंत्री लावू का, वरात कुठून नेऊ, नवरदेवाच्या डोक्यावर काय घालू. पायरीखाली उभं राहून, मान खाली घालून सगळं विचारायचं. बापानं म्हणूनच ठरवलं होतं की माझ्या लेकीचं लग्न कुणाला विचारून होणार नाही. भटजी नाही, मुहूर्त नाही, परवानगी नाही. आणि त्याची ही शिकलेली लेक, अमेरिकेची सिटिझन, सीलबंद प्लेट्स घेऊन कुणाच्या दारात उभी होती? तेच दार. फक्त नेपरव्हिलला होतं.

मी पत्राची घडी घातली, पाकिटात ठेवलं आणि परत दिलं.

"माझं लग्न झालंय, काका. तुम्ही परत लावू नका."

"मग नवरा कसा येणार तुझा?" काका आता चिडले होते. "दुसरं कोण आहे इथे तुला लेटर देणारं?"

कुणीच नव्हतं. मी कोट घेतला आणि चालत स्टेशनवर गेले. मागून कुणी आलं नाही.

रविवारी नवऱ्याचा फोन आला. हेडमास्तरांच्या घरून, ट्रंक कॉल लावून. मी सगळं सांगितलं. मग तो म्हणाला, "कागदच होता ना? देऊन टाकायचास."

मी त्याच्यावर ओरडले. सातासमुद्रापलीकडे माणूस, मिनिटं मोजून बोलायचं, आणि मी ओरडले. तुझ्या हातातनं कुणी पळी काढून घेतली नाही, म्हणाले. तो म्हणाला, "माझ्या हातात कुणी पळी दिलीच नाही कधी." मग फोन कटला. मी रडले. त्याचं चुकलं नव्हतं. त्यालाही बायको हवी होती. मलाही नवरा हवा होता.

साठ दिवस संपायच्या आत मी ऑफिसरपुढे बसले. पत्राविना.

"नो लेटर?"

"नो."

माझ्या नर्सच्या इंग्रजीत मी त्याला सांगितलं. आम्ही बौद्ध आहोत. आमच्या लग्नात अग्नी नसतो. आमच्या लोकांना त्या धर्मात अस्पृश्य म्हणत, म्हणून आम्ही तो धर्म सोडला. अस्पृश्य हा शब्द शिकागोत मी पहिल्यांदा तोंडातून काढला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आणि काढला तो एका अनोळखी सर्दीवाल्या माणसासमोर.

तो मला म्हणाला, "इज दॅट समव्हेअर ऑन द फॉर्म?"

"नो."

"देन आय कान्ट यूज इट."

त्याला ना कीव आली, ना घृणा. जागाच नव्हती फॉर्मवर. मी कोरा कागद मागितला. त्यानं दिला. त्याच्यासमोर बसून मी सगळं लिहिलं. कोण, कुठल्या वस्तीतले, लग्न कसं लागलं, अग्नी का नव्हता, पत्र कुणी देऊ केलं आणि मी का घेतलं नाही. खाली सही केली, पूर्ण आडनावासकट. तो म्हणाला, फाइलला लावतो, पण यानं भागणार नाही. सरकारी नोंदणीचा दाखला आणा. नाहीतर अर्ज नामंजूर होईल, मग पुन्हा पहिल्यापासून.

घरी येऊन मी नवऱ्याला पत्र लिहिलं. फोनवर ओरडले त्याची माफी मागितली नाही.

लिहिलं: नोंदणी कचेरीत जा. साक्षीदार आपल्या वस्तीतले ने. माझा बाप, भन्ते आणि मांडवात पाणी वाढणारी ती म्हातारी. ज्यांनी बघितलं तेच साक्षीदार. कारकून हेलपाटे घालायला लावेल, तू घाल. मी इथं अर्ज पुन्हा भरीन. वर्ष जाईल, कदाचित दोन जातील. त्या वर्षांचा राग तू माझ्यावर काढ, मी ऐकून घेईन. पण उद्या तुला कुणी तिथं येऊन सांगितलं, की हवन करून दोन फोटो पाठव, काम होऊन जाईल, तर त्याला हाकलून दे. आणि इतकं करूनही इथलं सरकार नाहीच म्हणालं, तर मी नोकरी सोडून तिकडे येईन. गाव सोडलंय, देश सोडलाय, हेही सोडीन. लग्न बदलणार नाही.