कावळा शिवेना तेव्हा

माझे दीर बंडूभाऊजी पवनारच्या शाळेत विज्ञान शिकवत. गुरुत्वाकर्षण, वीज, अणूच्या पोटातली बळं, सारं एकाच सूत्रात बसावं हा त्यांचा ध्यास. लांबी-रुंदी-उंचीपलीकडेही दिशा आहेत, पण त्या इतक्या बारीक गुंडाळलेल्या की दिसत नाहीत, असं ते सांगत. माझी जाऊ जयवंता शेवया वाळत घालताना हसायची, "दुरून नुसती रेघ, जवळून गोल. तशीच ना जी तुमची दिशा?" रोज चहा देताना विचारायची, "आज कुठवर आलं जी?"

माघात ती देवाघरी गेली. दहाव्याला धाम नदीच्या काठी पिंडाला कावळा काही शिवेना. ऊन चढलं. आमचे हे धाकट्या भावावर चिडले, "जन्मभर त्या गणितानं जाळलं तिले! सोडतो म्हण, मंग शिवते."

भाऊजींनी हात जोडले. "सोडलं, जयवंता."

कावळा उतरला.

तेव्हापासून त्यांनी गणिताला हात लावला नाही. दिवसभर ओसरीत नुसते बसतात. केळझरच्या गणपतीला मी रोज त्यांच्यासाठी विनवते. परवा न राहवून म्हटलं, "भाऊजी, तिले तर आवडे तुमचं गणित."

"मले माहीत आहे, वहिनी," ते म्हणाले. "पण ती उपाशी होती ना."