मेणाची गोष्ट परत घ्यायला आलेले सर

वायंगणकर सरांची आणि माझी पहिली ओळख लाल शाईतून झाली. मालवणजवळच्या आमच्या शाळेत आठवीला ते इंग्रजी शिकवायला आले. पहिल्याच निबंधात मी आईला ‘नाइस, ग्रेट, वंडरफुल’ म्हटलं होतं. सरांनी तिन्ही शब्दांखाली रेघ मारून समासात लिहिलं, ‘आईने नेमके काय केले?’ कौतुकाचं विशेषण वापरायचं तर प्रसंग सांगायचा, हा त्यांचा दंडक. ते स्वतःही तो पाळत, त्यामुळे त्यांच्याकडून कौतुक मिळवणं म्हणजे खडकाला घट्ट चिकटलेली कालवं, म्हणजे शिंपले, काढण्याइतकं कष्टाचं काम होतं.

मला ते एकदाच मिळालं. पेपरात चुकून जास्त पडलेले दोन गुण मी स्वतःहून कमी करून घेतले, म्हणून दहावीनंतरच्या शिफारसपत्रात सरांनी मला ‘सिन्सिअर’ म्हटलं. शब्दाचं मूळही सांगितलं. रोममधले लबाड मूर्तिकार दगडातल्या चिरा मेणाने बुजवत. प्रामाणिक कारागिराची मूर्ती ‘मेणाविना’, लॅटिनमध्ये ‘सिने सेरा’, असे, त्यावरून हा शब्द आला. मी ती गोष्ट उराशी धरली. पुढे कणकवलीत इंग्रजीची शिक्षिका झाले, तेव्हा दरवर्षी नव्या वर्गाला ती रंगवून सांगू लागले.

गेल्या वर्षी भर उन्हात सर एसटीने माझ्या दारात हजर झाले. दुखरे गुडघे आणि पिशवीत जाडजूड शब्दकोश. पाणीही न घेता म्हणाले, “अगो, मी तुका चुकीचा शिकयलंय. ती मेणाची गोष्ट खरी नाय. मूळ लॅटिन शब्दाचो अर्थ शुद्ध, भेसळ नसलेलो, इतकोच. मेणाक कसलोच पुरावो नाय.”

“सर, फोन केला असता तरी चाललं असतं.”

“शिकवताना समोर उभो होतंय मां? मगे चूकय समोरच सांगूक होयी.”

खरं सांगते, मला रागच आला. इतकी गोड गोष्ट गेली, शिवाय वर्गाला काय तोंड दाखवू? सरांना मात्र अजून नांदगाव आणि वैभववाडीचे माजी विद्यार्थी गाठायचे होते. मी सोबत येते म्हटलं, तर म्हणाले, “उद्या तुझो वर्ग आसा. तू थंय सांग.”

दुसऱ्या दिवशी वर्गात गेल्या गेल्या सांगितलं, “मुलांनो, मी तुम्हाला चुकीचं शिकवलं.” मागच्या बाकावरून एकीने विचारलं, “मग बाई, त्या शब्दाचं आता काय करायचं?” मी फळ्यावर ‘सिन्सिअर’ लिहिलं आणि सरांच्या दंडकाप्रमाणे प्रसंग सांगितला. आदल्या दुपारचा.

सर पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो आणि त्यांचे गुडघे एसटीच्या पायऱ्या चढण्याइतके खंबीर राहोत. या लेखात माझ्या हातून काही चुकीचं गेलं असेल, तर ते सांगायला सर येणारच आहेत. मी चहाचं आधण ठेवते.