लपणापर्यंतची सोबत

रविवारी उपासना आटोपली की बाकीची मंडळी चर्चच्या आवारात गप्पा मारत उभी राहायची आणि आम्ही दोघं स्कूटरवर बसून माळाची वाट धरायचो. मिरजगावात त्याची चेष्टा व्हायची. "लोक थंड हवेच्या ठिकाणी जातात, ही जोडी कुसळं वेचायला जाते," असं माझी जाऊच म्हणायची. तिचंही खरं होतं. कर्जतच्या बाजूला पसरलेला तो माळ म्हणजे नुसता मुरूम, वाळलेलं गवत आणि मधूनच एखाद्या हिवराची सावली. संध्याकाळी साडीच्या काठातून कुसळं काढता काढता मी वैतागायचे. पण यांना काळवीट बघायचं वेड होतं, आणि वेड्याबरोबर संसार मांडला की थोडं वेड अंगाला लागतंच.

माळावर एक पाणवठा आहे. उन्हाळ्यात वनखातं त्यात टँकरनं पाणी सोडतं. त्याच्याजवळ दगड रचून, वर बाभळीच्या फांद्या टाकून केलेलं लपण आहे. आत एकाच माणसापुरती जागा. माणूस आत गेलेला हरणांनी पाहिला की ती पाण्याकडे फिरकत नाहीत. म्हणून दोघांनी जायचं, एकानं आत बसायचं आणि दुसऱ्यानं सगळ्या माळाला दिसेल असं निघून जायचं. हरणांना वाटतं, माणसं गेली. त्यांना मोजता येत नाही, असं हे म्हणायचे. तर निघून जाणारं माणूस मी. मुद्दाम पदर झटकत, खोकत स्कूटरपर्यंत चालत जायचे आणि लांब हिवराखाली मेथी निवडत बसायचे.

दिवस कलताना हे बाहेर यायचे. चेहरा असा शांत, की घरात तसा कधी दिसला नाही. मी विचारायचे, "काय दिसलं?" "आली होती," एवढंच उत्तर. जन्मभर हा माणूस शब्द चिमटीनं वाढत आला. मला खरं विचारायचं होतं ते वेगळंच. तिथं आत बसल्यावर, बाहेर बायको वाट बघतेय हे यांच्या मनात तरी येतं का? पुढच्या रविवारी विचारू, असं म्हणत राहिले, आणि गेल्या पावसाळ्यात दवाखान्यातच यांनी डोळे मिटले.

घर खायला उठतं म्हणतात, ते खोटं नाही. मुलगी पुण्याहून फोनवर "आई, जेवलीस का?" विचारते, मी हो म्हणते. रविवार मात्र जाता जात नाही. हिवाळा सरला तसं ठरवलं, एकदा त्या लपणात आपणच बसून बघायचं. यांना तिथं असं काय मिळत होतं, जे माझ्याजवळ मिळत नव्हतं? फाट्यापर्यंत टमटमनं गेले, पुढं चालत. आत जाऊन बसले. कळप लांब उभा राहिला, माझ्याकडे तोंड करून, आणि ऊन उतरलं तरी हलला नाही. मला निघून जाणारं माणूस नव्हतं. एकटेपणाच्या पुष्कळ गोष्टी मी ऐकल्या होत्या, ही कुणी सांगितली नव्हती. रडूही आलं आणि त्या हरणांचा रागही.

पुढच्या रविवारी पुन्हा गेले, तर पाणवठ्याच्या वाटेवर शेळ्या राखणारी एक बाई भेटली. आम्हाला लांबून ओळखत असावी.

"आज एकल्याच? सायेब न्हाई आले?"

"ते वारले, बाई."

तिनं डोईवरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "लई वंगाळ झालं. अन् तुमी हितं काय करताय?"

मी सगळं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. "मंग त्यात काय? चला, मी येते तितपत्तुर अन् जाते माघारी," ती म्हणाली. मला लपणाशी सोडून ती शेळ्यांना हाका मारत, शिव्या घालत गावाकडे निघाली. आवाज लांब लांब गेला आणि मग नुसता वारा राहिला.

बऱ्याच वेळानं माद्या आल्या. थबकत, कान हलवत. त्यांच्या मागून नर आला, पाठ काळीभोर, पोट पांढरंशुभ्र, शिंगांना पीळ. इतका जवळ, की पाणी पिताना त्याच्या गळ्याची हालचाल दिसत होती. एक पाडस पाण्यात पाय घालून दचकलं आणि उड्या मारत आईमागे लपलं. मी तोंडावर पदर दाबून हसले. गुडघे दुखत होते, तेही नंतर कळलं.

कळप परत गेला तेव्हा ऊन तांबूस झालं होतं. मग लक्षात आलं, की एवढा वेळ मला यांची आठवणच झाली नव्हती. हे गेल्यापासून असं एकदाही घडलं नव्हतं. म्हणजे इथं बसल्यावर यांनाही माझी आठवण होत नसणार. इतकी वर्षं ज्या उत्तराला मी भीत होते ते हेच, आणि मला त्याचा राग आला नाही. मी तिथंच बसून पोटभर रडले. बाहेर वाट बघत कुणी बसलेलं नव्हतं, त्यामुळे घाई नव्हती.