शनिवारची रजा

रविवारी जिंतूरची मोटार आमच्या कापसाच्या जिनाच्या फाटकापुढं थांबली, की पहिला उतरायचा तो नारायण. त्या रविवारी तो उतरला नाही, कंडक्टर उतरला. टोपी काढून हातात धरली आणि म्हणाला, "मामा, तुमचे मेव्हणे गेले. गुरुवारी सकाळी. तीन दिस ताप होता म्हणं." मी मशीनच्या तेलाचं भांडं घेऊन उभा होतो. "बरं," म्हणालो. मग आत गेलो. दुपारपर्यंत कोणत्या चाकाला तेल घातलं आणि कोणतं कोरडं ठेवलं, ते आजही सांगता यायचं नाही... याला आता सहा आठवडे होतील.

वर्तमानपत्राच्या पुरवणीत मोठ्या माणसांवर लिहून येतं. नारायण मोठा नव्हता. जिंतूरच्या तहसिलीत चपराशी होता, आणि माझ्या बायकोचा, गिरजाचा, पाठचा भाऊ. गिरजा पोलीस ॲक्शनच्या आदल्या साली गेली. आम्हाला मूलबाळ नाही. तिच्यामागं मला 'दाजी' म्हणणारं ते एकच तोंड उरलं होतं. माझी शाळा दुसरीपर्यंत, अक्षर वाकडं, तरी लिहायला बसलोय. एक गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि ज्या दोघांना सांगायची ती दोघंही आता नाहीत.

निजामाच्या राज्यात सगळ्यांची सुट्टी शुक्रवारी, जुम्म्याला. नारायण आणि मी तेव्हा दर जुम्म्याला एकत्र असायचो. पोलीस ॲक्शन झाली, ते चांगलंच झालं, पण कचेरीची सुट्टी रविवारी गेली. आमच्या शेठनं मशीन बंद ठेवायचा वार काही बदलला नाही. म्हणाला, राज्य बदललं हे मशीनला काय कळतं? तेव्हापासून रविवारी तो इकडं सेलूला जिनावर यायचा तेव्हा मी कामावर, आणि शुक्रवारी मी जिंतूरला जायचो तेव्हा तो कामावर. तो फाटकाशी सरकीच्या पोत्यावर बसायचा, मी तेल घालता घालता बोलायचो. मी कचेरीच्या पायरीवर बसायचो, आणि साहेबाची घंटी वाजली की तो अर्धं बोलणं तिथंच टाकून आत पळायचा. सण सोडले तर दोघंही मोकळे असे आम्ही बसलोच नाही.

या बहीणभावाचं गाव येलदरीच्या वरच्या अंगाला, पूर्णा नदी दोन डोंगरांच्या मधून जाते त्या घळीच्या काठावर. लहानपणी दोघं तिथं शेरडं राखायची. नारायणाला शेरडांपाशी ठेवून गिरजा कड्यावर चढायची. अर्ध्या कड्यात एक बसायची जागा होती, वर दगडाचं छत, खाली सरळ पाणी. तिथं बसलं की घारी आपल्या पायाखालून उडतात म्हणायची. लग्नानंतर दर दिवाळीला तिचं एकच मागणं. "एकदा चला, दोघं जाऊ. मी दाखवते." मी म्हणायचो, लेकुरवाळ्या वयाच्या बाईनं कड्यावर चढायचं? लोक काय म्हणतील? वीस वर्षं मी तेच म्हटलं. मी तोंडाचा फटकळ, बोलून मोकळा व्हायचो. पुढं पुढं ती विचारेनाशी झाली, आणि मला बरं वाटलं. बरं वाटलं, हे खरं आहे.

चार सालामागं धरणाची माणसं घळीत येऊन खडकांवर चुन्याच्या खुणा करून गेली. नारायण पुढच्याच रविवारी उतरला तो फाटकातूनच ओरडत. "दाजी, घळ बुडणार! आक्काची जागा पाण्याखाली जायच्या आत जाऊन येऊ." मग पोत्यावर बसला आणि काडीनं धुळीत रेघा ओढायला लागला. पहिल्या दिवशी शेरडांच्या वाटेनं खाली उतरायचं, वाळूत मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी ऊन तापायच्या आत कडा चढायचा.

"धपाटे तुमी आणा. दोन दिस टिकतेत."

"मला कोण थापून देतंय रे?"

"बरं, मी आणतो. तुमी नाडा आणा. चाळीस हात."

"चाळीस हात? मला काय विहिरीत सोडायलास?"

"वर वढायला, दाजी! आक्का बिननाड्याची चढायची. तुमी जरा सोताचं पोट बघा."

पावसाळ्यात घळीत उतरता येत नाही, उन्हाळ्यात दगड भाजतो. म्हणजे जायचं ते दिवाळी ते शिमगा, आणि जिनाचा हंगामही नेमका तोच. दोन दिवस पाहिजेत, तर दोघांनाही रजा मागायला पाहिजे. आधी कुणी मागायची, यावर आमचे चार हिवाळे गेले. तो म्हणायचा, "तुमचा मुनीम माणूसच हाय न्हवं? खातो का काय?" मी म्हणायचो, तू माग, तुझी सरकारी नोकरी. "सरकारीत कारण लिवावं लागतंय, दाजी. काय लिवू? मेव्हण्याला कड्यावर चढवायचंय?" असं बोलून दोघंही हसायचो. संध्याकाळी झाडूवाली यायची आणि धुळीतली घळ झाडून न्यायची. पुढच्या रविवारी तो नवी काढायचा.

शेवटच्या रविवारी आला तो गंभीर तोंड करून. "दाजी, अर्ज टाकला. पुढच्या हप्त्यातला शुक्रवार अन् शनिवार. मंजूर झाला."

"कारण काय लिहिलंस?"

"घरगुती काम."

"म्हणजे खोटंच की."

"खोटं कसं? आक्काचंच काम हाय. शुक्रवारी तुमी मोकळेच. आता निस्ता शनिवार मागा. एकच दिस."

"बघू," मी म्हणालो.

तो उठला, धोतर झटकलं. "तुमचं बघू मला ठावं हाय. आक्कानं वीस साल ऐकलंय." आणि मोटारीत चढला. एवढ्या वर्षांत तो मला टोचून बोलला ते तेवढंच.

त्या हप्त्यात मी तीनदा मुनिमाच्या गादीपर्यंत गेलो आणि तीनदा सरकीचा भाव विचारून परत आलो. लोकांना वाटेल, मानी म्हातारा, मागणं जिवावर आलं. तसं नव्हतं. मुद्दा रजेचा नव्हताच. मी ती जागा बघितली असती, आणि ती गिरजा म्हणायची तितकीच चांगली निघाली असती, तर वीस वर्षं नाही कशापायी म्हटलं? सांगायची राहिली ती गोष्ट ही. नारायण हेच विचारील या भ्यानं मी चार हिवाळे त्याला रजेच्या बोलण्यात गुंतवून ठेवला.

त्याचा दहावा आला तो त्याच शनिवारी. मी मुनिमापुढं उभा राहून रजा मागितली. त्यानं मान वर केली नाही. "जा की मामा. मशीन काय पळून चाललंय? तुमी कधी मागितलीच न्हाई, आमाला वाटलं तुमाला लागतच न्हाई."

जिंतूरला दहावा लवकर आटोपला. जेवणं झाली, आणि पुढं अख्खा शनिवार पडला होता. धरणावर खडी नेणाऱ्या ट्रकात बसलो, पुढं पायी घळीच्या काठावर गेलो. पाणी अजून अडवलेलं नाही, नदी खाली आपल्या वाटेनं जात होती. घारीही होत्या. एक बाई शेरडं घेऊन बसली होती. तिला विचारलं, इथं अर्ध्या कड्यात बसायची जागा कोणती?

"कोणती म्हंजे?" ती म्हणाली. "अशा लय हायत, बाबा. ती बघा, ती एक, त्या पल्याड दोन. तुमाला कोणती पायजे?"

समोरच्या कड्यात मी मोजल्या, अकरा भरल्या. सगळ्यांवर दगडाचं छत, सगळ्यांच्या खाली पाणी. गिरजाची कोणती, ते नारायणाला ठाऊक होतं.

मग मी तिथंच बसलो, आणि उन्हं उतरेपर्यंत एकेक करून सगळ्या बघितल्या.