मशेरीचा तवा

शेजारच्या खोलीतून तव्यावर तंबाखू भाजल्याचा वास आला आणि माझं डोकंच फिरलं. बमरोलीच्या याच चाळीत, मी पोटुशी असताना, सासूबाईंनी अशीच ताजी मशेरी माझ्या तळहातावर ठेवली होती. "लाव वं पोरी दातांना, मळमळ थांबेल. पोर बारीक राहिलं की बाळंतपण सोपं जातं."

तेव्हा ती मला माया वाटली.

बाळंतपण सोपंच गेलं. मूठभर पोरगी, रडायचंही बळ नव्हतं तिच्यात. आठवडाभरात गेली. डॉक्टरीणबाई तोंडावर म्हणाल्या, तंबाखूनं पोटातच तिची वाढ खुंटली. घरात मात्र सगळे म्हणाले, देवाची मर्जी. कसली देवाची मर्जी! मी ओक्साबोक्शी रडत होते, तर सासूबाईंनी पुन्हा मशेरीचीच डबी पुढे केली. "लाव थोडी, बरं वाटेल."

शेजारणीची सून पोटुशी आहे. मी उठले, त्यांच्या घरात शिरले आणि तवा मोरीत उपडा केला.